नाचणी खाऊन बारा दिवस

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आज परत रक्त. तिसऱ्यांदा. नितेशला बोलले नाही. नवरा घाबरला की मला अजून भीती वाटते. मूळव्याध असेल, दुसरं काय! पण बाबांनाही सहा महिने मूळव्याधच वाटत होती. आतड्याच्या कॅन्सरने गेले तेव्हा बावन्नचे होते. मी चव्वेचाळीस.

बुधवार, ५ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर वर्गातच मोबाइल घेऊन बसले. नाचणी, कुळीथ, पालेभाज्या — यांतला चोथा पोटातले जंतू खातात, त्यातून एक आम्ल तयार होतं आणि ते आतड्याच्या पेशींना जपतं म्हणे. लसूण-हळदीवरही अभ्यास चाललाय. सगळीकडे ‘कदाचित’, ‘मदत होऊ शकते’. ते शब्द मी गाळूनच वाचले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बारा दिवस नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. नितेश म्हणाला, “शाळेत आहार सप्ताह आहे काय?” हसले. मग मोरीत जाऊन रडले.

रक्त थांबलेलं नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आईला कळलं. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. आज माझे कपडे तिने धुवायला घेतले.

“मूळव्याध आहे गो,” मी म्हटलं.

“तुझ्या बाबांचे कपडे मी धुतलेत. मला शिकवू नको.”

आणि पिळे घट्ट पिळत राहिली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

रत्नागिरीला डॉक्टरांकडे. नितेश सोबत — त्यालाही आईनेच सांगितलं. मी नाचणीचं सगळं सांगून टाकलं, परीक्षेत पाठ म्हणावा तसं.

“चांगलंच आहे, सोडू नका. वर्षानुवर्षं असं खाल्लं तर धोका कमी व्हायला मदत होते. पण आत आधीच काही उगवलं असेल तर ते भाकरीने जायचं नाही, मॅडम. दुर्बीण घालून बघू.”

भावंडं विचारली. एक भाऊ, धम्मदीप, मुंबईला असतो, एकेचाळीसचा. “त्यांनीही तपासून घ्यावं. त्रास नसला तरी!”

फोन केला. “मला काय झालंय, ताई? तू तुझं बघ.”

गुरुवार, २७ फेब्रुवारी

उद्या तपासणी. पोट साफ करायचं खारट औषध पिते आहे. अर्धं साडीवर सांडलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आतड्यात दोन कोंब सापडले, डॉक्टर त्यांना ‘पॉलिप’ म्हणतात. तिथल्या तिथे काढले. तपासायला पाठवलेत.

शुक्रवार, ७ मार्च

कॅन्सर नाही! नाही! डॉक्टर म्हणाले, तसेच राहिले असते तर पुढे-मागे झाला असता. नितेश दवाखान्याच्या पायरीवरच बसला.

आईने लगेच धम्मदीपला फोन लावला. “तपासणी केल्याशिवाय घरी येऊ नको.” एवढंच बोलली आणि ठेवून दिला.

शनिवार, १५ मार्च

धम्मदीपचा फोन. “ताई, माझा कोंब नाही. गाठ आहे. आईला तू सांगशील?”