लग्नाच्या सीडीचं काय झालं

९ मार्च

प्रिय,

(सवयीने लिहिलं गेलं. लगेच हुरळून जाऊ नकोस.)

तू बरा असशीलच. मी मजेत. फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस, म्हणून पत्र. कारण इतकंच, की आपल्या लग्नाची सीडी आता उरलेली नाही. रागाने फोडली नाही, कामाला लावली.

हृदयाच्या स्नायूंच्या पेशी मी प्रयोगशाळेत वाढवते, हे तुला ठाऊक आहे. गुळगुळीत बशीत त्या कशाही पसरतात. एक इकडे ओढते, दुसरी तिकडे, सगळा जोर वाया. बारीक रेघांचा पृष्ठभाग मिळाला, तर रेघ धरून सरळ लांबतात. पण तसा साचा कोरणारं यंत्र बंद पडलं आणि सर म्हणाले, "महिनाअखेर काही दिसलं नाही, तर प्रकल्प गुंडाळू." म्हणजे मलाही.

सीडीवर अशा सूक्ष्म रेघा असतात. घरात एकच सापडली. चिकटपट्टीने तिचा चकचकीत थर ओरबाडला, रेघांवर पातळ रबर ओतून साचा काढला आणि त्यावर पेशी सोडल्या. काल बघते तर सगळ्या ओळीत, एका दमात, एकाच दिशेने आकसताहेत! सर चक्क नाचले. त्यांना नाचता येत नाही.

तेवढ्यात तुझ्या आई प्रयोगशाळेतच थडकल्या. पाहुण्यांना दाखवायला सीडी हवी होती. मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. बराच वेळ डोळा लावून म्हणाल्या, "यात मी कुठे आहे?"

खरं सांगून टाकलं. वाटलं, आता माझी खैर नाही. तर म्हणाल्या, "जाऊ दे, त्यात मी जाडच दिसत होते." मग चपला घालताना हळूच, "तो रोज मला विचारतो, ती जेवली का. म्हटलं, तूच विचार की. तर म्हणतो, तिने जा म्हटलंय."

अरे, मला न विचारता परगावची नोकरी घेतलीस, म्हणून म्हटलं. जा म्हटलं की लगेच बॅग भरायची असते का? दारात जरा घुटमळला असतास, तर मीच ती लपवली असती.

नाही जेवत नीट. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो.

सरांनी आठवड्याची रजा दिलीय. शनिवारी सकाळी तुझ्या दारात असेन. मी यायला नको असेल तर पत्रानेच कळव. अर्थात तुझं उत्तर पोचेपर्यंत मी निघालेली असेन, हे मी आधीच बघून ठेवलंय.

जा म्हटलंस तरी न जाणारी,
तुझी बायको