तुझी पापणी, माझी पापणी

अव्वा, मागच्या महिन्यात मी सोलापूरला जाऊन दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांची लोंबलेली कातडी काढून घेतली. लोकांना सांगितलं, नीट दिसत नव्हतं. खरं तर मला चांगलं दिसत होतं, मीच चांगली दिसत नव्हते. लेकीचं लग्न तोंडावर आलंय, फोटो निघणार, म्हणून पंचावन्नाव्या वर्षी ही हौस. तू असतीस तर कपाळाला हात लावला असतास.

डॉक्टरीणबाईंनी आधी समोर बसवून सगळं समजावलं. पूर्ण भूल शक्यतो नको, कारण मधेच डोळे उघडून मिटून दाखवावे लागतात, त्यावरून कातडी किती काढायची ते ठरतं. मग एक तर नुसतं पापणीत बधिर करायचं इंजेक्शन, नाहीतर त्याच्यासोबत शिरेतून थोडं गुंगीचं औषध. मी भित्री, गुंगीही मागून घेतली. आधी डोळ्यांत थेंब, मग बारीक सुई, क्षणभर आग. अंगावर पांघरूण, माझा हात नर्सच्या हातात. "जरा जरी टोचलं तरी सांगा, सोसत बसू नका, औषध वाढवता येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डाव्या डोळ्याला टोचलं तशी मी म्हणाले, "दुखतंय." त्या लगेच थांबल्या, अजून औषध दिलं, आणि दुखायचं थांबलं. एका शब्दाचं काम होतं. मग मी रडायला लागले. त्यांना वाटलं, अजून दुखतंय. तुझ्या आठवणीनं रडत होते असं लिहायला बरं वाटेल, पण मी लाजेनं रडत होते.

तुझ्या पापणीवर वाटाण्याएवढी गाठ झाली होती. आपल्या मुरुम गावी शेकून शेकून ती जाईना, म्हणून मी तुला धाराशिवला बोलावून घेतलं. मी तिथं कॉलेजला होते. स्टँडवर उतरल्या उतरल्या तुला बजावलं, "दवाखान्यात तू मराठी बोलू नको. मला कानडीत सांग, मी डॉक्टरांना सांगते." तुझी मराठी ऐकून माझ्या मैत्रिणी हसायच्या. बाई आला, गाडी आला, असं तुझं बोलणं. त्या हसायच्या तेव्हा मीही हसायचे. तू नुसती मान हलवलीस आणि पदर सारखा केलास. दवाखान्यात मी तुझं सगळं मराठीत सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मुलगी हुशार आहे, छान समजावते." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

आता तू टेबलावर आहेस. तोंडावर हिरवं फडकं, तेवढा एक डोळा उघडा. मी पायाशी उभी. सुई देऊन झालीय. डॉक्टर पापणीला चिमटा लावतात आणि तू म्हणतेस, "भाळ नोवाग्तद." खूप दुखतंय. डॉक्टर हात थांबवतात. "काय म्हणतात? दुखतंय का? अजून औषध देऊ."

मी म्हणते, "नाही नाही, देवाचं नाव घेतायत."

बाहेर बाकावर माणसं बसलेली. पुन्हा सुई दिली आणि तू कानडीत ओरडलीस, तर आपला गावंढळपणा चव्हाट्यावर येईल, एवढंच माझ्या डोक्यात. मराठी तुला धड बोलता येत नव्हती, पण कळत सगळी होती. मी काय सांगितलं ते तू ऐकलंस. "दुखतंय" एवढं मराठीत म्हणायला तुला काही अवघड नव्हतं, पण म्हणाली नाहीस, कारण मी बजावलं होतं. तुझ्या पायाची बोटं तेवढी आवळली. ती मी बघितली, आणि मग भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी राहिले.

मुरुमला परत आल्यावर शेजारणीनं विचारलं, "लई दुखलं का वो?" तर तू तुझ्या त्याच मराठीत म्हणालीस, "काय न्हाय. पोरगी होता की जवळ." माझ्याकडे बघितलंही नाहीस. मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

पुढं 'अव्वानं हूं की चूं केलं नाही' ही गोष्ट मीच घरभर केली. तू गेल्यावर तर जास्तच. सोलापूरला माझ्या डोळ्यांवर बर्फाची पट्टी ठेवताना लेक म्हणाली, "मम्मी, एवढ्याला रडतेस? आजीनं तर तोंडातून ब्र काढला नव्हता." मी म्हणाले, "हो गं, आजी घट्ट होती." टाके निघाले, सूज उतरली, आरशात बरी दिसते आता. तिला अजून खरं सांगितलेलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मीच वाचायचे आणि कानडीत करून तुला सांगायचे. हे पत्रही मलाच वाचून सांगावं लागलं असतं. लग्नाचं सांगितलं असतं, पापण्यांचं सांगितलं असतं, रडल्याचंही. पण डॉक्टरांना मी काय म्हणाले त्या ओळीपाशी आले असते तेव्हा ती मी गाळली असती, अव्वा.