वैराची वहिवाट

ईस्ट हॅरो, व्हरमाँट
९ मे १९७९

ओडील हिस,

सा. न. वि. वि. सहा वर्षांनी मोठी आहेस म्हणून नमस्कार लिहिला, आणखी कशासाठी नाही.

काल संध्याकाळी शेरीफचा माणूस गोठ्यात आला. मी दूध काढत होतो. त्याने गाईच्या पाठीवरून कागद पुढे केला आणि बहिणीने दावा लावलाय म्हणाला. गाय बिचकली, बादली कलंडली. सख्ख्या भावाला कोर्टात खेचताना तुला काहीच वाटलं नाही. अर्ध्या मैलावर राहतेस, दारात येऊन भांडली असतीस तर निदान गाव तरी हसलं नसतं.

कागदात म्हटलंय, उत्तर दे. हे घे उत्तर. वडिलांनी वाटणी केली तेव्हा डोंगरावरचं मेपलचं रान तुला दिलं आणि त्याखालचं कुरण मला. मेपलचा रस आटवून पाक करायचं तुझं गुऱ्हाळ तळाशी, रस्त्याला. मधल्या कुरणातून जाणारी गाडीवाट माझी आहे आणि मार्चमध्ये लावलेली साखळी तशीच राहणार. एकवीस वर्षं रसाची टाकी ओढणारा ट्रॅक्टर तू माझ्या नाकावर टिच्चून नेलास. एकदा म्हणून विचारलं नाहीस, आणि मी कधी हो म्हटलं नाही. दलदलीकडून वळसा घालून दुसरी वाट आहे, तिने जा. वसंतात तिथे गुडघाभर चिखल असतो हे मला माहीत आहे.

साखळी का लावली ते तुला ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही.

लोभ आटला तरी हरकत नाही.

अर्सेन


२६ मे १९७९

चि. अर्सेन यास अ. आ.

अरे मूर्खा, उत्तर मला द्यायचं नसतं, कोर्टाला द्यायचं असतं. वीस दिवसांच्या आत. समन्सच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मुदत संपायला तीन दिवस उरले तरी तुझ्याकडून कोर्टात चिटोरं नाही. माझे वकील व्हिटकॉम टपूनच बसले होते, एकतर्फी निकाल मागू म्हणाले. मी नाही म्हटलं. ज्याला बोट धरून शाळेत नेलं त्याला गैरहजर म्हणून हरवण्यात काय मजा? तुला समोर उभा करून हरवायचं आहे.

म्हणून तुझं पत्र घेऊन मी स्वतः कोर्टाच्या कचेरीत गेले आणि हे उत्तर म्हणून चालेल का असं विचारलं. तिथल्या बाईने ते दोनदा वाचलं, शेजारच्या खोलीतल्या बाईला बोलावून तिलाही वाचायला दिलं, आणि मग शिक्का मारला. आता तो तुझा लेखी जबाब आहे, गाईसकट.

आभार मानू नकोस. कायदा असा आहे: पंधरा वर्षं मालकाला न विचारता, उघडपणे, त्याच्या मर्जीविरुद्ध गेलं की वाटेवर आपला हक्क बसतो. याला वैरभावाची वहिवाट म्हणतात. त्याच्या परवानगीने गेलं असेल तर मात्र आपण पाहुणे, त्याने दार लावलं की बाहेर. आणि तू स्वहस्ते लिहून दिलंस की मी विचारलं नाही आणि तू हो म्हटलं नाहीस. व्हिटकॉम ते पत्र दिव्याखाली धरून गालातल्या गालात हसत होते.

हसण्यावारी नेऊ नकोस. यंदाचा रस गेला. अजून एकदोन वसंत असेच गेले तर रान लाकूडवाल्याला द्यावं लागेल. तो येऊन गेला. पणजोबांनी राखलेल्या झाडांच्या बुंध्यांवर हात फिरवून फळ्या किती निघतील ते सांगत होता. मी त्याला हाकलला, पण पुढच्या वेळी हाकलता येईल असं नाही.

आशीर्वाद दिलेला आहे, तो मागे घेता येत नाही.

ओडील

ता. क. वकील कर.


२० ऑगस्ट १९७९

तीर्थस्वरूप ओडीलताई हिच्या सेवेशी,

कृ. सा. न. वि. वि. तुझी प्रकृती उत्तम असेल अशी आशा बाळगतो.

माझ्या मे महिन्यातील पत्रात रागाच्या भरात काही चुकीची विधाने झाली. वस्तुस्थिती अशी की, सदर वाटेने तू जावेस यास माझी पहिल्या दिवसापासून आनंदाने परवानगी होती. दर वसंतात तुझा ट्रॅक्टर सदर कुरणातून जाताना पाहून मला भाऊ या नात्याने संतोष होत असे. सदर परवानगी मी आता प्रेमपूर्वक काढून घेत आहे.

लोभ होता, आहे व पुढेही असावा ही नम्र विनंती.

तुझा प्रेमळ भाऊ,
अर्सेन

(प्रत: स्टेबिन्स, वकील)


२४ ऑगस्ट १९७९

चि. अर्सेन यास अ. आ.

पाकात बुडवलेलं पत्र पोचलं. साष्टांग नमस्कार? तुझे गुडघे चर्चमध्येसुद्धा वाकत नाहीत. आणि ‘सदर’ हा शब्द तू जन्मात उच्चारलेला नाहीस. स्टेबिन्सने सांगितलं आणि तू शाळेतल्यासारखं जीभ बाहेर काढून उतरवून घेतलंस, मला इथून दिसतंय.

म्हणजे बघ कशी गंमत आहे. मला हुसकावायचं म्हणून तू माझ्यावर माया होती असं शपथेवर सांगणार, आणि वाट मिळवायची म्हणून मी सांगणार की आमच्यात कायमचं वैर. त्यातल्या त्यात मला सोपं आहे. तुझी माया होती हे या गावात कुणाला पटेल? जाहीर खोटं बोलतोस.

पोस्टातली मिनर्व्हा म्हणाली, अर्ध्या मैलासाठी तिकिटं लावणारी तुम्हीच दोघं, पोस्ट तुमच्यावरच चाललंय. मी तिला म्हटलं, माझं पाकीट तेवढं नीट चिकटव.

शेवटी लोभाची ओळ लिहू नका, ती पुरावा ठरेल, असं व्हिटकॉमनी बजावलंय. नाहीतरी लिहिणार नव्हते.

ओडील


१५ जानेवारी १९८०

ओडील,

नमस्कार सोडून दिला आहे.

काल स्टेबिन्सच्या कचेरीत तुझा शपथेवरचा जबाब झाला तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. चार तास. ती टंकलेखिका तुझा खोकलासुद्धा लिहून घेत असावी. स्टेबिन्सने विचारलं, भांडण कधी सुरू झालं. तू म्हणालीस, आठवत नाही.

मला आठवतं. १४ मार्च. सेलिनाची अखेरची प्रार्थना. सगळं गाव चर्चमध्ये होतं आणि तुझा बाक रिकामा. मी पायऱ्यांवर आलो तेव्हा तुझ्या गुऱ्हाळावरून वाफ वर जात होती. रस कुणासाठी थांबत नाही हे मला सांगू नकोस, मीही याच डोंगरावर वाढलो. बायको माझी गेली, पण शाळेपासूनची मैत्रीण तुझी गेली होती. माती गोठलेली, म्हणून पेटी पुरायची मे महिन्यापर्यंत थांबली. म्हटलं, तेव्हा तरी येशील. मेमध्ये तुझ्याकडून शेरीफचा माणूस आला.

साखळी त्यासाठी आहे. कुरण गेलं खड्ड्यात.

आता जे काही बोलायचं ते कोर्टात.

अर्सेन


२ फेब्रुवारी १९८०

चि. अर्सेन यास अ. आ.

वाटेसंबंधी जे कागद असतील ते दोन्ही बाजूंनी एकमेकांना द्यायचे, असा कोर्टाचा नियम आहे. माझ्याकडे एकच होता. आज व्हिटकॉमकडून स्टेबिन्सकडे जाईल, पण त्याच्या तोंडून तुला कळावं हे मला बरं वाटलं नाही. माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात तो बावीस वर्षं होता. त्यात असं आहे:

‘ओडील, कुरणातली वाट तुझीच समज, खुशाल जा. अर्सेनला विचारायला येऊ नकोस. तो नाही म्हणणार नाही, पण हो म्हणणंही त्याच्या जिभेला जड जातं. सेलिना. मार्च १९५८.’

व्हिटकॉमनी वाचलं आणि चष्मा काढून डोकं धरलं. ही परवानगीच झाली म्हणाले, हिने आपण बुडालो, पण द्यावीच लागेल. त्यांना दाखवायच्या आधी एक अख्खी दुपार चिठ्ठी माझ्या हातात होती आणि चूल दोन हातांवर. कुणाला कळलं नसतं. पण ते तिचं अक्षर आहे. जाळवेना.

आणि चौदा मार्चचं. त्या दिवशी रस नव्हताच, थंडी कडक होती. मी भट्टी पेटवली आणि काहिलीत पाणी ओतलं. नुसतं पाणी. वाफ दिसली की लोक म्हणतील, बाई कामात आहे. मला तिला पेटीत बघायचं नव्हतं, अर्सेन. सगळ्या गावादेखत मी मोडून पडले असते. मे महिन्यात तर तोंड दाखवायची लाज वाटली, आणि साखळीचा रागही होता. राग जास्त सोपा.

आता तू जिंकशील. लाकूडवाल्याला या वसंतानंतर ये म्हणून निरोप देते.

ओडील


११ ऑक्टोबर १९८०

चि. अर्सेन यास अ. आ.

लाकूडवाल्याला मी सुनावणीपर्यंत थोपवून धरलं होतं. काल सुनावणी झाली आणि रात्री मला जेवण गेलं नाही, म्हणून लिहिते.

मी हरायची तयारी करूनच गेले होते. तीन न्यायाधीश बसलेले, मधला कायदा शिकलेला, बाजूचे दोघे आपणच मतं देऊन निवडलेले. डावीकडचा पेरो तर आपल्या दोघांनाही गुरांची पेंड विकतो, तो मान वर करायला तयार नव्हता. स्टेबिन्सने चिठ्ठी तुझ्या हातात दिली आणि वाचायला लावली. तू वाचलीस. मग त्याने विचारलं, ही परवानगी तुमच्याच वतीने दिलेली ना. सगळे ‘हो’ ऐकायला बसले होते.

तू म्हणालास, कुरण माझ्या एकट्याच्या नावावर आहे. बायकोने काय लिहिलं मला माहीत नव्हतं, असतं तर फाडून टाकलं असतं. मे महिन्यात लिहिलं तेच खरं, आणि ऑगस्टमधलं पत्र वकिलाचं. मग म्हणालास, ही बाई वाटेने जाताना दिसली की एकवीस वर्षं माझा जीव जळायचा. स्टेबिन्सच्या हातातले कागद खाली पडले. मधल्या न्यायाधीशाने पुन्हा विचारलं, नक्की? तू म्हणालास, नक्की, देवाशपथ.

व्हिटकॉम बाहेर आल्यावर माझा हात हलवत होते. निकाल यायला दोनतीन महिने लागतील, पण आपणच जिंकणार म्हणाले. मला फक्त तुझं ते वाक्य ऐकू येत होतं. मी तुला शिव्या दिल्या, तू मला दिल्यास, ते चालायचंच. पण एकवीस वर्षं? मी वर जाताना कुरणातून हात करायचे आणि तू गोठ्याच्या दारातून टोपी हलवायचास. तेव्हासुद्धा?

खरं असेल तर तसं कळव. वाट मिळाली तरी मग मी तिने जाणार नाही. रान विकून टाकीन.

ओडील


२४ फेब्रुवारी १९८१

ओडील हिस सा. न. वि. वि.

पत्राला साडेचार महिने उत्तर दिलं नाही. कारण होतं. निकाल तुझ्या बाजूने लागला तो तुला जानेवारीतच पोचला. अपिलाला तीस दिवसांची मुदत असते. स्टेबिन्स रोज फोन करायचा, उलटवता येईल म्हणायचा. मी प्रत्येक वेळी गाईची सबब सांगितली. मुदत गेल्या आठवड्यात संपली आणि मी साखळी काढली. आता लिहायला हरकत नाही.

तू विचारलंस, खरं का. ऐक. अठ्ठावन्न सालच्या मार्चमध्ये वाटणीवरून आपलं बोलणं बंद होतं. तू ट्रॅक्टर घेऊन दलदलीकडून जायला निघालीस आणि चाकं रुतली. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. सेलिना म्हणाली, जा, सांग तिला. मी म्हटलं, मला जमणार नाही. मग तिने कागद घेतला आणि म्हणाली, काय लिहू ते तरी सांग.

मी सांगितलं आणि तिने लिहिलं. जिभेचं वाक्यसुद्धा माझंच आहे. लिहिताना ती हसत होती. तू चिठ्ठी तेव्हाच टाकून दिली असशील असं मला वाटलं होतं.

ऑगस्टमधल्या पत्राची भाषा तेवढी स्टेबिन्सची, बाकी त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तू त्याला खोटं म्हणालीस. खोटं मी कोर्टात बोललो, बायबलवर हात ठेवून. फादरना सांगून टाकलं आहे. त्यांनी बऱ्याच प्रार्थना सांगितल्या, चालू आहेत.

लाकूडवाल्याला नाही म्हणून कळव. परवापासून दिवसा बर्फ वितळतंय, रसासाठी झाडांना भोकं पाडायला घे. हे पत्र वाचलंस की भट्टीत टाक, हे नाही म्हटलं तरी पुरावाच आहे.

लोभ आहे. कोर्टाला कळू देऊ नकोस.

अर्सेन