उपग्रह चार मिनिटं उशिरा येतो

प्रिय धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. तुझी पाठदुखी कशी आहे? (नऊ वर्षं आपलं बोलणं नाही, म्हणून जुनीच विचारतो. नवीन काही दुखत असेल तर ते मला कोणी कळवलेलं नाही.) आम्ही ठीक. माझी मान तेवढी आखडली आहे, कारण मी उपग्रह बघायला लागलो आहे.

हसू नकोस. शिस्तीचं काम आहे. दिवस मावळला की गच्चीत आडवं व्हायचं, दुर्बीण डोळ्याला, स्टॉपवॉच हातात, आणि ठिपका ठरलेल्या ताऱ्याजवळून गेला की वेळ टिपून निरीक्षक मंडळाला कळवायची. (लुकलुकतं ते विमान. पहिल्या आठवड्यात मी सहा विमानं कळवली.) चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला याहून चांगला छंद कुठला! पण उपग्रह पहिल्यापासूनच उशिरा यायचे. मंडळाच्या तक्त्यात सात एकवीस, माझ्या वहीत सात पंचवीस. एखादा नव्हे, झाडून सगळे, आणि रोज चार मिनिटं. उशीर मला खपत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. मी मंडळाला खरमरीत पत्र धाडलं. चिटणीसबाईंचं उत्तर आलं की इतर सर्वांना उपग्रह वेळेवर दिसले, तरी आपण आपलं घड्याळ एकदा चांगल्या घड्याळजीला दाखवावं.

मला! दोन दिवस मी अन्नाला शिवलो नाही. (दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोडंसं.) शेवटी तुझी वहिनी म्हणाली, "अहो, दुकानातलं मोठं घड्याळ चार मिनिटं पुढेच आहे. तुम्ही दुकान वेळेवर उघडावं म्हणून मामंजींनीच तसं ठेवलं होतं." आणि बाकीची घड्याळं मी त्याच्यावरून लावतो. (मोबाइलवरची वेळ मी धरत नाही. मोबाइल दुरुस्तीला माझ्याकडे कोणी आणत नाही.) अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. लोक माझ्याकडून घड्याळ नेतात आणि घरी जाऊन गुपचूप चार मिनिटं मागे करतात. माझ्या तोंडी कोण लागणार?

असो. वहिनी तुझी आठवण काढते.

तुझा,
दादा

ता. क. नऊ वर्षांपूर्वीचा आईबरोबरचा तो फोटो. पाचची वेळ ठरली होती, तू पाच वाजून चार मिनिटांनी आलास (माझ्या घड्याळात), आणि मी फोटोवाल्याला थांबू दिलं नाही. आई म्हणत होती, थांब रे जरा. तिच्या शेजारची तुझी खुर्ची फोटोत रिकामीच आहे. तू वेळेवर आला होतास. चुकलं माझं.

ता. क. दुसरा. येत्या रविवारी सात एकवीसला चांगला ठळक उपग्रह आहे. गच्चीत दोन सतरंज्या घालतो. तुझ्या घड्याळाने ये. उशीर झाला तर उपग्रह काही थांबायचा नाही. मी थांबेन.