सुपडूदादांचा तीळ

१२ एप्रिल
गेली माझी ऑर्डर! पलीकडच्या गल्लीतला भूपेंद्र आला होता. त्याचे वडील, केळीवाले सुपडूदादा, गेल्यापासून त्यांच्या जयंतीला रक्तदान शिबिर असतं आणि केक माझा असतो. केळीचा, साधा, वर बदामाची नक्षी. यंदा ऑर्डर दिली इतवारा पेठेतल्या तृप्तीला! “काकू, बुरा मत मानना. ती क्रीमनं पप्पांचा चेहराच काढून देते. एकदम फोटोसारखा!”
चहा दिला त्याला. साखर घातली नाही — मुद्दाम.

१४ एप्रिल
आमच्या अख्ख्या बुधवारा पेठेत एकच नाव. तृप्ती इंदूरला शिकून आली म्हणे. मग मी काय इथे झोपा काढत होते? मोबाइलवर तिचे गुलाब पाहिले. पाकळ्या इतक्या पातळ! बंद केला. परत उघडला. पोटात दुखतंय, खोटं कशाला लिहू.

१७ एप्रिल
आज मन एकदम हलकं झालं. एक गोष्ट ध्यानात आली! सुपडूदादांच्या बायकोला, मथुराबाईंना, मी चांगली ओळखते. नवऱ्याचा फोटो छापलेल्या कागदाची त्या साधी पुडीसुद्धा बांधू देत नाहीत. त्या त्यांच्या तोंडावर सुरी चालवतील? शक्यच नाही.
तृप्तीला सांगायला हवं. नाही सांगणार. मला कुणी विचारलंय?

२० एप्रिल
शिबिर झालं. मी पहिल्या रांगेत बसले, मजा बघायला.
आणि चेहरा — काय लिहू — दादाच! डावी भुवई जरा वर, हनुवटीवरचा तीळ, हसू दाबताना गालाला पडायची ती घडी. भूपेंद्रनं सुरी आईच्या हातात दिली. मथुराबाईंनी ती खाली ठेवली. “मालकाच्या तोंडावर सुरी? मी नई चालवनार!”
तृप्तीचं तोंड एवढंसं झालं. मला आतून उकळ्या फुटत होत्या.
पण बाईंनी केकला हात जोडले! “घरी घेऊन चाल रे, फ्रीजमधी ठेव.” रक्त देणाऱ्यांची बिस्किटांवर बोळवण झाली आणि तृप्तीवर कौतुकाचा पाऊस! माझे केक लोक बोटं चाटत संपवतात. जपून कुणी ठेवला एक तरी?

२३ एप्रिल
लोक फ्रीज उघडून दर्शन घेतात! शेजारची सिंधू म्हणाली, “डोळे भरून आले वो ताई.” मीपण जाऊन आले. काल गेले, आजही गेले. चूक शोधायला. भुवई पाहिली, घडी पाहिली, तीळ पाहिला. एक चूक सापडेल तर शपथ!

२५ एप्रिल
सकाळपासून लाइट नाही. बरं झालं. वितळू दे.

२५ एप्रिल, संध्याकाळ
दुपारी मथुराबाईंचा फोन. रडत होत्या. “मालक वितळू राहिले वंदना! तृप्ती इंदूरला गेली. तू ये नं माय!”
गेले. बर्फाची लादी, क्रीम, नक्षीची पिशवी, चपट्या सुऱ्या घेऊन. हनुवटी गळली होती, तीळ घसरून कॉलरवर आला होता. पार बिघडवून टाकते म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? मथुराबाई दाराशी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. “नीट होतील नं?”
भूपेंद्र फोटो आणून देत होता. नको म्हटलं. जळून जळून इतका पाहिला होता तो चेहरा, हाताला पाठ झाला होता. तीळ शेवटी ठेवला. मथुराबाई म्हणाल्या, “आले!” मलाच रडू आलं.

२७ एप्रिल
तृप्ती परत आली. मी तिथेच होते. फ्रीज उघडून हनुवटी, तीळ, सगळं निरखलं तिनं, मथुराबाईंना म्हणाली, “बघा काकू, लाइट गेली तरी माझं काम जागचं हललं नाही!” मथुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच नको म्हटलं.
“हो गं,” मी म्हणाले. “हात चांगला आहे तुझा.”