पुसलेलं दव

याडी, वहिनीनं स्पर्धेचा कप फ्रिजवर ठेवलाय आणि सकाळपासून तांड्यातल्या बाया येऊन त्याला हात लावून जातायत. शाळेच्या निबंधात मी तुला आई लिहायचे, घरी तू याडीच, म्हणून तेच लिहिते. तुझी चूल होती तिथे आता गॅसचा ओटा आहे, त्याच्यासमोर पाट टाकून बसलेय. तीन वाजलेत. पाचच्या आत मला नागपूरला एक ओळ पाठवायची आहे, आणि ती सोडून मी तुला लिहीत बसलेय. तू जाऊन तेरा वर्षं झाली, वाचता तर तुला तेव्हाही येत नव्हतं. मधेच उठते, माठातलं पाणी पिते, परत बसते. दोनदा पेन बदललं. पेनात काही बिघाड नव्हता.

नीट सांगते, नाहीतर म्हणशील, 'अर्धंच काहून सांगून राहिली?' काल मी जिंकले. बायकांची गोल्फची मोठी स्पर्धा. तू गेल्यावर वर्षभरानं मी स्पर्धेत उतरले आणि तेव्हापासून तीनदा शेवटच्या होलवर हरले. दर वेळी तेच. चार पावलांवरचा पट, म्हणजे बॉल हलकेच होलात ढकलायचा फटका, सरावात गप्पा मारत मारलेला, लोक बघायला लागले की जात नाही. कान तापतात, हात माझे राहतच नाहीत, आणि डोक्यात एकच, आता चुकू नको. शिकवणारे सर म्हणायचे, श्वास मोज. श्वास मोजायला घेतला की तोच अडकायचा. कोणी म्हणे डोळे मिटून चांगलं काहीतरी आठव. मला कप आठवायचा आणि हात आणखी थरथरायचे. असा राग यायचा स्वतःचा, की पट मारायची ती काठी, पटर, नेऊन खाणीत टाकावा.

शेवटी कामाला आलीस तूच. राजूरला खाणीच्या साहेबांच्या क्लबात गवताचं ग्रीन नव्हतं, इथल्या उन्हात ते कोण जगवणार. होलभोवती वाळू, तिच्यात जळकं ऑइल कालवलेलं, त्याला ब्राउन म्हणायचे. दोरी बांधलेलं पोतं ओढून तू तो सारखा करायचीस, होलपासून गोल गोल बाहेर येत, तू पुढे आणि पोतं मागे, म्हणजे तुझे ठसेही तेच पुसत यायचं. पट मारायच्या आधी बॉलसमोरची वाट पोत्यानं सारखी करून घ्यायची, ही तिथली रीत. मी खेळ तिथेच शिकले. यंदा मी एवढंच केलं, पट मारण्याआधी मनात तुला पोतं ओढू दिलं. तो सर्र आवाज ऐकला की कान थंड व्हायचे. सर म्हणाले, तू बदललीस. मी कशाला सांगते.

परवा अंधार पडला म्हणून शेवटचे दोन होल काल सकाळी खेळलो. गवतावर दव चमकत होतं. माझी आणि दुसऱ्या एकीची बरोबरी, तिचं खेळून झालेलं, आणि माझा पट उरला, पाच पावलांचा. गेला तर मी जिंकले. मी तुला बोलावलं. तू आलीस, पोतं सर्र करत निघालं, सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत माझ्या हातातला टॉवेल बॉलपुढे टेकून होलकडे निघाला. गवतावर तसं चालत नाही, याडी. दव असलं तर दवासकट मारायचं, पुसलं तर दोन फटक्यांचा दंड, आणि तो आपणच सांगायचा. दुसरी पाठ करून पिशवीत काहीतरी शोधत होती. मी उभी राहिले, पट मारला, बॉल सरळ आत गेला. एका फटक्यानं जिंकले आणि फटके मांडलेल्या कार्डावर सही केली.

आज सकाळी नागपूरहून स्पर्धेच्या बाईंचा फोन आला. आवाज गोड. म्हणाल्या, "ताई, कोणीतरी लांबून बघितलं म्हणे, तुम्ही दव पुसलं. नकळत झालं असेल तर निकाल लागलाय, तो आता बदलत नाही. पण तेव्हाच लक्षात आलं असेल आणि सांगितलं नसेल, तर तुमचं नाव काढावं लागेल. पाचच्या आत एक ओळ लिहून पाठवा, तुमचा शब्द आम्ही मानू." वर त्यांनी ओळही सुचवली, 'सवयीनं हात फिरला, लक्षात आलं नाही.' संध्याकाळी तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर माझा सत्कार आहे. भावानं ट्रकची पाळी बदलून घेतलीय, वहिनीनं लापशीसाठी गूळ फोडून ठेवलाय. ओळ चांगली आहे. सकाळपासून मी ती चार वेळा टाइप केली आणि चार वेळा पुसली.

मला तो रविवार आठवत राहतो. मी पंधरा वर्षांची आहे, तुझी कंबर धरलीय म्हणून दोरी माझ्या हातात. ज्या साहेबांनी मला त्यांचा जुना पटर दिला, दांड्याला काळी पट्टी गुंडाळलेला, त्यांचाच सामना आहे आणि शेवटचा पट राहिलाय. त्यांच्यासाठी जीव टाकत होते मी. पोतं ओढताना मी मधोमध पायाचा अंगठा दाबत जाते. वाळूत बारीक नाली पडते, बॉलपासून थेट होलात. कोणाला दिसत नाही, तुला दिसते. तू कंबर धरून उठतेस, दोरी घेतेस, "थांबा साहेब, पोतं बराबर ओढलं नाही गेलं," म्हणतेस आणि सगळा ब्राउन पुन्हा ओढतेस. साहेबांचा बॉल दोन बोटं बाजूनं गेला. हरले ते. क्लबात तू माझ्याशीही वऱ्हाडीतच बोलायचीस, आपली तांड्याची बोली ऐकली की साहेबांना वाटायचं त्यांचंच काही चाललंय. घरी आल्यावर आपल्या बोलीत शिव्या खायची मी तयारी केली होती. तू घरीही वऱ्हाडीतच बोललीस, इतका राग. "त्याले त्याच्या हातानं हरू दे ना. त्या मानसाले कसं समजलं असतं, आपण जितलो का पोतं जितलं?" पुढे पंधरा दिवस तू मला दोरीला हात लावू दिला नाहीस.

आता अर्धवट राहिलेलं सांगते. टॉवेल निघाला तो सवयीनंच. अर्ध्यात आला तेव्हा बोटांना गार पाणी लागलं आणि मला कळलं की ही वाळू नाही. तिथे थांबून हात वर करता आला असता, दोन फटके गेले असते आणि मी चौथ्यांदा हरले असते. मी मान वर केली, ती अजून पिशवीतच बघत होती, आणि राहिलेलं अर्धं मी पुसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात थरथरत नव्हते, याडी. तेच मला जास्त लागतंय.

पावणेपाच झालेत. बाहेर वहिनी कोणाला तरी सांगतेय की कप धरा पण जपून, डाग पडतात. मी ओळ लिहिली, 'अर्ध्यात आल्यावर मला कळलं होतं, तरी पुसलं,' आणि पाठवली. आता वहिनीला सांगायचंय, तेवढं उठवत नाहीये. हे पत्र पिठाच्या डब्यामागे सारते, तुझ्या तंबाखूच्या पुड्या असायच्या तिथे. तुझ्याजवळ म्हणून बोलते, बाईंचा फोन आला नसता तर ही ओळ मी कधीच लिहिली नसती.