लेकीच्या घरचा पोटभाडेकरू

बुधवार, ४ मार्च १९५३, सकाळी ६-१०
दाढी करीत होतो. चाळमालक तात्या दोन माणसे घेऊन दारात. माझ्याशी बोललाच नाही. ओट्यावर मामा (सासरे) तंबाखू मळीत होते, त्यांना म्हणाला, "काय म्हातारबा, जावयाकडं मजा हाय. फुकटचा गिलायचा नि पसरायचा."
मामा ताडकन उठले. "लेकीच्या घरचा पानी पन फुकट घेत नाय मी. म्हैन्याला पाच रुपये देतो जागेचं. इचार तिला."
तात्या त्या दोघांकडे वळला. "ऐकला ना?" गेला.
काहीतरी वाईट झाले आहे. कामावर हजेरीपत्रकात आज माझ्या हातून दोन चुका.

शुक्रवार, १३ मार्च
नोटीस. मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला, सबब एप्रिलअखेर खोली खाली करावी. पोटभाडेकरू म्हणजे मामा. माझ्या बायकोचा बाप.
राग कशाचा ते ठाऊक आहे. खोलीचे अठरा रुपये घेत होता. मी कल्याणच्या कोर्टात अर्ज केला, कोर्टाने स्टँडर्ड (कायदेशीर) भाडे आठ ठरवले. आता शेजारचे दोघेही अर्ज करायला निघालेत. कायद्याने मला विनाकारण काढता येत नाही. कारण आम्हीच हातात दिले.

मंगळवार, १७ मार्च
कल्याण. वकील म्हणाले, "म्हाताऱ्यानं सांगायचं, मी पाहुणा, एक पैसा दिला नाही."
"पण देतात ते."
"तुम्ही भाडेकरू की हरिश्चंद्र?"
त्यांचे भाडेकायद्याचे पुस्तक मागून पोटभाडेकरूचे कलम उतरवून घेतले, ऱ्हस्व-दीर्घ तपासून. सासऱ्याबद्दल एक शब्द नाही.
घरी सांगितले. मामा आधी हसले. मग, "त्या कोर्टात आमच्या गावची मानसा असतात. तितं सांगू, मी लेकीचा बसून खातो?"
"खोली जाईल, मामा."
"मंग मी जातो."
"जाऊन काय? त्याचे साक्षीदार आहेत. तुमच्या पाच रुपयांनी घर बुडाले."
नको ते बोललो. बायकोने (सु.) तवा चुलीवरून उतरवला. भाकरी अर्धीच भाजलेली.

शुक्रवार, २० मार्च
मामांनी अंथरूण ओट्यावर नेले. तात्या सगळ्यांसमोर, "ओटा पन माझाच हाय. त्याचं किती देतो?" लोक हसले. तात्याचे थोबाड फोडावेसे वाटले. हसणाऱ्यांचे आधी. त्यातले दोघे माझ्या आठ रुपयांच्या जोरावर उडताहेत.

रविवार, २८ जून
दावा लागला. तारीख १० जुलै. निर्वासितांच्या कॅम्पात जागा पाहिली. बराकीतला कोपरा, गोणपाटाच्या पडद्याआड दुसरे बिऱ्हाड. पागडी पाचशे, पावती नाही. सु. ला सातवा महिना.
पागडी घेणे गुन्हा आहे, असे त्याच पुस्तकात. पागडी मागणाऱ्याला तसे सांगितले. तो म्हणाला, "तो किताब में रहो, भाई."

गुरुवार, ९ जुलै
उद्या अकराला पुकारा. मामांना पुन्हा विचारले, काय सांगणार? सु. मध्ये पडली. "अहो, त्यांना खोटं शिकवू नका. मी सांगते कोर्टात, पैसे मी घेत होते."
मामा म्हणाले, "तू पोटुशी कोर्टात जायाची नाय."
"मग तुम्ही काय सांगाल, बाबा?"
मामा भिंतीकडे तोंड करून निजले.
वकील: दिले पंचवीस, देणे पंधरा. टपाल, कागद: दोन रुपये सहा आणे. मामांनी याही महिन्याचे पाच चुलीपाशी ठेवलेत. हिशेबात जमा धरले नाहीत.